विश्वंभररावांचा वाटाणा

करंजपूर नगरपरिषदेतून निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी वनस्पती व्हावं लागतं. पूर्वी सरसकट सगळ्यांना नीलमोहर करत. पुढे रस्त्याच्या कडेची जागा संपत आली, तेव्हा नगरपरिषदेने दुसरा पर्याय दिला, तो वाटाण्याचा. काय व्हायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, मात्र घरच्या माणसाची संमती लागते, कारण निगा घरच्यांनाच राखायची असते.

घरपट्टी विभागाचे हेडक्लार्क विश्वंभर खळदकर दसरा उलटला की निवृत्त व्हायचे होते. त्यांचं नीलमोहराचं केव्हाच पक्कं झालं होतं. नगरपरिषदेच्या फाटकाशी, दुचाक्या लावतात तिथली जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. बायकोला विचारायचं तेवढं राहिलं होतं. इंदुमतीने एका सकाळी चहा गाळता गाळता म्हटलं, "निगा मी राखायची ना? मग दोन्हीचं आधी नीट समजून घेऊ."

उद्यान विभागाच्या अधीक्षक सरनोबत बाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या.

"नीलमोहराला पहिली दोन वर्षं पाणी घालायचं. मग काही बघावं लागत नाही. उन्हाळा लागला की फुलतो."

"वास?" इंदुमतीने विचारलं.

"नसतो."

"फळ?"

"चपटी शेंग येते, वाळकी. खात नाहीत कुणी. पण शोभा फार. लोक खाली उभं राहून फोटो काढतात."

विश्वंभरराव खुर्चीत जरा ताठ बसले.

"आणि वाटाण्याचं?"

"वाटाण्याचं काम आहे," बाई म्हणाल्या. "दिवाळीच्या सुमारास पेरायचा. पाणी बेताचं, पण चुकवायचं नाही. वेल वीतभर झाला की काटक्यांचा आधार द्यायचा. पानांवर भुरी येते, तिच्याकडे लक्ष ठेवायचं. पोपट हाकलायचे. संक्रांतीला शेंगा भरतात. मग वेल वाळतो."

"वाळतो म्हणजे?" विश्वंभररावांनी विचारलं.

"म्हणजे संपतो. बियाणं ठेवलं असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचा."

"आणि नाही ठेवलं तर?"

सरनोबत बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तसं झालंय आपल्याकडे. एका घरी पाहुणे आले, शेंगा गोड होत्या, भान राहिलं नाही. आम्ही शोकसभा घेतली."

परतताना दोघं एसटी स्टँडवर थांबले. तिथे जगताप साहेब होते. ते पूर्वी पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होते आणि त्यांचा चांगला दुमजली घराएवढा नीलमोहर झाला होता. बुंध्यावर खिळे ठोकून कुठल्याशा गणिताच्या क्लासची पाटी लावलेली होती. विश्वंभररावांनी नमस्कार केला.

"साहेब वाढलेत मात्र झकास," ते म्हणाले.

इंदुमतीने शेजारच्या रसवंतीवाल्याला विचारलं, "यांच्या घरचं कुणी येतं का हो?"

"बाई यायच्या की. दोन वर्षं रोज कळशी घेऊन यायच्या. आता पाण्याची गरज नाही म्हटल्यावर कशाला येतील?" त्याने उसाचं कांडं चरकात सारलं. "मी टेकतो अधूनमधून."

रशीद शेख पेठेत राहायचे. त्यांच्या बायको नजमाभाभी नगरपरिषदेच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि वाटाणा होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. दोघं गेले तेव्हा रशीदभाई अंगणातली माती खणत होते. हात धुऊन त्यांनी आतून काचेची बरणी आणली. तळाशी कीड लागू नये म्हणून घातलेली राख होती आणि राखेत दाणे.

"पेरणीपर्यंत इथेच असते," ते म्हणाले. "फडताळात, माझ्या उशाशी."

"भाईजान, विचारू नये, पण..." इंदुमती अडखळली. "शेंगा लागल्यावर?"

"खातो, वहिनी. पहिल्या वर्षी घास उतरेना. मग मुलगी म्हणाली, अम्मीने जन्मभर आधी आपल्याला वाढलं. आता पान मागे सारलं तर ती काय म्हणेल? तेव्हा खाल्लं." त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. "गेल्या साली जरा कडवट आली होती. माझंच पाणी चुकलेलं. मनात ठेवायची सवय नव्हतीच तिला."

विश्वंभररावांनी बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि परत दिली.

घरी आल्यावर त्यांचं तोंड सुटलं.

"राखेत राहू मी? बरणीत? एवढी वर्षं अख्खं गाव मला ओळखतं, आणि मी फडताळात बसू?"

"फाटकाशी उभं राहून तरी कोण ओळखणार आहे? खिळे ठोकतील."

"फुलेन तरी."

"फुलाल हो. बिनवासाचे."

हे त्यांना लागलं. ते बराच वेळ झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत राहिले. इंदुमती गहू निवडत होती. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, पण तिने मान वर केली नाही.

"उसळ करशील माझी?" त्यांनी विचारलं.

"करीन. नाहीतर त्या शेंगांचं करायचं काय?"

"आणि बियाणं?"

"ते आधी काढून ठेवीन. मग उसळ."

"आणि इंदू, तू गेलीस म्हणजे? मला पेरणार कोण? नीलमोहर असतो तर उभा तरी राहिलो असतो."

तिने सूप खाली ठेवलं. "मी गेल्यावर तुम्हाला एकट्याने उभं राहून करायचंय काय?"

आतल्या भांड्यावर झाकण थडथडत होतं. विश्वंभरराव उठून गॅस बारीक करून आले. आल्यावर त्यांनी विचारलं,

"कुठल्या वाफ्यात?"

"विहिरीकडच्या. सकाळचं ऊन येतं तिथे."

"त्या बाजूला गोगलगायी असतात."

"त्यांचं बघते मी."

निरोप समारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ झालं. मुख्याधिकाऱ्यांनी विश्वंभररावांच्या अक्षराचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उद्यान विभागात गेले. आत जायच्या आधी त्यांनी चष्मा आणि चपला इंदुमतीकडे दिल्या, थोडं थांबून घड्याळही दिलं, आणि म्हणाले, "लेकीला सांग, घाईघाईने येऊ नकोस म्हणावं. शेंगा लागल्या की ये." मग त्यांनी दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने सरनोबत बाईंनी कापडाची पुरचुंडी आणून दिली. आत ओंजळभर सुरकुतलेले दाणे होते. इंदुमतीने तळहातावर घेतले. कोमट होते.

"ऊब जाईपर्यंत भिजवू नका," बाई म्हणाल्या. "घाबरतात."

ऊब जायला बराच वेळ लागला. तोवर इंदुमती पुरचुंडी मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसून राहिली.

पेरले त्याच्या पुढच्या आठवड्यात कोंब वर आले, सगळे एका ओळीत, समासाला धरून. तिने काटक्या रोवल्या, गोगलगायी वेचल्या. मधे थंडीत पानांवर पांढरी भुरी आली, तेव्हा आंबट ताकाचं पाणी फवारलं. विश्वंभररावांना ताक कधी सोसलं नव्हतं, पण दुसरा चांगला उपाय नव्हता. दोन दिवस वेल रुसल्यासारखा वाटला, मग सावरला. पांढरी फुलं आली तेव्हा तिने वाकून वास घेतला. अगदी हलका होता, पण होता.

संक्रांतीला मुलगी नेत्रा नाशिकहून आली. मायलेकींनी मिळून शेंगा तोडल्या. भरल्या, टपोऱ्या शेंगांना इंदुमतीने लाल दोरा बांधला आणि त्या वेलावरच वाळायला ठेवल्या. उरलेल्यांतल्या निम्म्या सोलल्या. उसळ झाली. नेत्रा ताटापुढे बसली, पण हात पुढे होईना.

"जेव," इंदुमती म्हणाली. "गार झालेलं त्यांना आवडत नाही."

नेत्राने एक घास घेतला. मग दुसरा. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, गोड आहेत गं." आणि आणखी वाढून घेतलं. इंदुमतीही जेवली. टरफलं गायीला घातली.

चार दिवसांनी शेजारच्या कुंटेबाई कुंपणाशी आल्या. त्या एकट्या राहायच्या, त्यांची परसबाग मोठी होती आणि विश्वंभरराव त्यांना रोज पेपर नेऊन द्यायचे. लाल दोऱ्याच्या शेंगांकडे पाहत त्या म्हणाल्या,

"इंदुताई, किती छान धरलाय हो वेल! मला मूठभर बियाणं द्याल? माझ्याकडेही एक वाफा रिकामा आहे."

इंदुमतीने पदर कमरेला खोचला.

"सोलायला हव्या तेवढ्या शेंगा न्या, बाई," ती म्हणाली. "पेरायला मात्र हे मिळायचे नाहीत."

कुंटेबाईंनी कुंपणावरून पदर पुढे केला. मग सोलायच्या शेंगा घेऊन गेल्या.