गोड चीक

हर्षालीच्या रुखवतासाठी गच्चीवर प्लास्टिक अंथरून झालं होतं, आणि खाली पातेल्यातला कुरडयांचा चीक मात्र घट्ट व्हायचं नाव घेत नव्हता.

वत्सलाबाई अर्धा तास घोटत होत्या. चाळीस वर्षांत त्यांचा चीक कधी बिघडला नव्हता. पार वणीहून त्यांना कुरडया घालायला बोलावणं येई. आज मात्र सोऱ्यात भरला की चीक ताकासारखा खालून गळत होता.

“हातगुण गेला माझा,” त्या चुलीशेजारी बसून म्हणाल्या. “ऐन लेकीच्या लग्नात गेला.”

सून उज्वला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं. “आई, गव्हात काही वेगळं घातलंत का?”

“काय नाय गं. फ्रिजात बाटलीत मागल्या घाण्याचं आंबट पाणी होतं, ते ओतलं. गहू लवकर आंबतो त्यानं.”

ते आंबट पाणी नव्हतं. इगतपुरीच्या भातखाचरातल्या मातीतून उज्वलानं सहा महिने खपून मिळवलेला तो जीवाणू होता. कॉलेजचा फ्रिज बंद पडला म्हणून होता तेवढा सगळा घरी आणलेला, तोही बाटलीवर चिठ्ठी न लावता. पिठाची साखर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवायची कृती त्याच्या जनुकांत असावी, असा तिचा कयास होता. सिद्ध व्हायचं होतं. जनुकांत कृती असली आणि पीठ मिळालं, की जीवाणू ते विकर बनवणारच. समोर प्रयोगशाळा आहे की रुखवत, हे तो पाहत नाही.

पण स्वयंपाकघरात मातीतले जंतू ठेवले होते, हे सासूला सांगायचं कसं? “उन्हानं झालं असेल,” असं म्हणून तिनं सगळा चीक घाईघाईनं मोरीत ओतला, बाटली उकळत्या पाण्यानं धुतली आणि मोरीत फिनाईल टाकलं.

त्यानंतर दोन दिवस वत्सलाबाईंनी वरणातलं मीठसुद्धा सुनेलाच घालायला लावलं. हर्षालीनं दुकानातून कुरडयांचं पाकीट आणलं, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि फळीवर ठेवलं. उज्वलाला फार वाईट वाटलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

“म्हंजे माझा हातगुण नाय गेला?”

“नाही आई. चूक माझी.”

“मग काय नाय.” वत्सलाबाई लगेच गहू निवडायला उठल्या. “तरी मी म्हणते, चाखला तर चीक गोड कसा लागला. साखरेवानी.”

उज्वला धावत मोरीपाशी गेली. सहा महिन्यांचं उत्तर पातेल्यात तयार होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं ते ओतून दिलं होतं.

“काय झालं गं?”

“काही नाही, आई,” ती म्हणाली. “हातगुण माझा गेला.”