भाईकाकांचं पावसाळी इच्छापत्र

आमचे भाईकाका वर्षातून दोनदा आपलं मरण बदलतात.

म्हणजे कागदावर. आपल्याला यंत्रांवर उगाच जगवत ठेवू नये, असं शुद्धीत असतानाच लिहून ठेवायची कायद्यात सोय आहे. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. बहुतेक माणसं ते करतच नाहीत. करणारी एकदा करतात आणि विसरतात. भाईकाका पाऊस लागायच्या आधी जुनं रद्द करून नवं करतात, आणि नारळी पौर्णिमा झाली की तेही रद्द करून आणखी नवं.

रेवदंड्यात त्यांची नारळ-सुपारीची वाडी माझ्या कुंपणाला लागून आहे. नात्याने मी लांबचा पुतण्या. काकांचं वय सत्तरीपुढे, अंगात बंडी, तोंडात एकच वाक्य: "घाई कोनाला हाय?" एसटी डोळ्यांदेखत सुटली तरी हेच. एकदा माडावरून पाडेकरी ओरडला, "काका, सरका!" काका वर बघून म्हणाले, "घाई कोनाला..." आणि नारळ त्यांच्या चपलेशेजारी आपटला. मग सरकले.

पावसाळ्याच्या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. सुके बोंबील, पांढऱ्या कांद्याच्या माळा, पडवीला माडाची विणलेली झापं. "आटोपली का आगोट?" असं विचारलं की काका बोटं मोडत सांगतात, "बोंबील झाले, झापं झाली. मरन रायलंय. उद्या अलिबागला चल."

मला जावंच लागतं. त्या कागदावर माझं नाव आहे. वेळ आलीच तर डॉक्टरांना "आता बंद करा" असं सांगायचं काम माझं. भिडेपोटी हो म्हणालो, पण तेव्हापासून काका नुसते शिंकले तरी मी कुंपणाशी धावतो. कागदावर माझं नाव दिसलं की पुढचं मला वाचवतच नसे. तरीही या मोसमी मरणाची गंमत मात्र मी नाक्यावर रंगवून सांगायचो. माणूस असं का करत असेल, हे कुतूहल होतं. विचारायचा धीर नव्हता.

शेवटी विचारलं ते कागद करून देणाऱ्या वकीलबाईंनीच. अलिबागच्या आपल्या ऑफिसात त्या एकदा वैतागल्या. "भाईकाका, यंत्रं नकोत एवढं लिहिलं की पुरे. यात मांडव्याची लाँच कशाला?" आणि त्यांनी मोठ्याने वाचलं: "माझी मुलगी पोचेपर्यंत यंत्र चालू ठेवावं. तिला गाडी लागते, म्हणून मुंबईहून लाँचने आणावं. मांडव्याला रिक्षा तयार ठेवावी."

हे नारळी पौर्णिमेनंतरचं, उघाडीचं. पावसाळी इच्छापत्रात लिहिलं होतं: "लाँच बंद असल्याने गाडीने आणावं. वाटेत वडखळला थांबून लिंबू-मीठ द्यावं. तिला घाई करायला लावू नये."

"काका, ती मोठी रो-रो बोट पावसातही चालते की," मी म्हणालो.

"वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला की ती पन बंद. तू काय बंदरखात्यात हायस?"

परत येताना रिक्षात ते आपणहून बोलले. काकी पावसाळ्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, आता यात काही उरलेलं नाही. काका म्हणाले, बंद करा. त्यांची मुलगी बेबी तेव्हा वडखळच्या पुढे, गाडीत उलट्या करत येत होती. पोचल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, जरा थांबला का नाहीत?"

"जन्मात एकदाच घाई केली बग," काका म्हणाले.

त्यानंतर मी नाक्यावर ती गंमत सांगायची सोडली.

गेल्या हिवाळ्यात काका अवेळीच कुंपणाशी आले. "चल अलिबागला. रद्द करायचंय."

"आत्ता? लाँच तर चालू आहेत."

"बेबी चालली कॅनडाला. जावयाची नोकरी हाय तिकडं."

मला वाटलं, आता विमानाच्या वेळा लिहायच्या असतील. वकीलबाईंपुढे बसून काका म्हणाले, "ती थांबायची ओळ काढा."

माझ्याच्याने राहवलं नाही. "काका, तिनेच म्हटलं होतं ना, थांबा म्हणून? मग आता असं कसं?"

"तवा ती मुंबईत होती. आता किती थांबवशील? तिला विमान पन लागतं रे. बाप थांबलाय म्हटल्यावर पोर रडत, ओकत धावत सुटंल. मागनं कळव तिला. म्हनावं, सावकाश ये. घाई न्हाय."

 जुनं रद्द केल्याचं लिहून वकीलबाईंनी आता बारमाही एकच करायला उघाडीचा आणि पावसाळी असे दोन्ही मसुदे पुढे ओढले. लाँच गेली, मांडव्याची रिक्षा गेली, थांबणं गेलं. "हे वडखळचं लिंबू-मीठही काढते."

"ते ऱ्हाऊ दे."

"अहो, पण तेव्हा तुम्ही..."

"मी कुठला असायला? हा असंल की," काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वडखळला उभा."