आयामावशींनी समतोल सर केला तो मजकूर

वाचणारांनी चित्त स्थिर करोन ऐकावे. रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डातील आया, वय वर्षे त्रेचाळीस, कॉलेजात अवघ्या वर्गाच्या मावशी, यांनी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक कैसे जिंकले, ते वर्तमान जैसे जाहले तैसे लिहिले असे.

मावशींस लॅब टेक्निशियन होणे होते, आणि वाटेत रसायनशास्त्राचा बेलाग किल्ला आडवा होता. गतसाली तोंडी परीक्षेत ऐन वेळी वाचा बसली आणि स्वारी नापास होऊन परतली. मग लेकीने, जी ती परीक्षा पहिल्याच हल्ल्यात पास जाहली होती, आईस वर्षभर शिकविले, आणि मोठ्या सिस्टरांचेही कधी ऐकून न घेणाऱ्या मावशींनी लेकीची बोलणी मुकाट खाल्ली.

मग परीक्षेचा दिवस आला, आणि परीक्षक मॅडम, ज्यांच्या दराऱ्याने ब्युरेटमधील थेंबही परवानगीवाचून पडत नसे, यांचे फर्मान सुटले की, परीक्षानळीतील कोबाल्टचे गुलाबी द्रावण तापवून निळे करावे, बर्फात ठेवून पुन्हा गुलाबी करावे, आणि कारण सांगावे. मावशींनी नळी तापविण्यास बीकरात पाणी घेऊन बर्नर पेटविला, आणि पाणी कोमट होते न होते तोच गॅस संपला. कुमक मागता लॅब असिस्टंटांनी कळविले की, दुसरा सिलिंडर यावयास तास लागेल, आणि वेळ तर वीस मिनिटांची उरली. मग नजर कोपऱ्यात गेली. तेथे मॅडमच्या चहाचे पाणी विजेच्या किटलीत खळखळत होते. मावशींनी कोणासही न पुसता किटली जप्त केली, पाणी दुसऱ्या बीकरात ओतले आणि नळी आत सोडली. क्षणभर काहीच होईना. मग गुलाबी रंग जांभळा होत होत निळा गर्द जाहला, आणि बर्फात जाताच निमूट गुलाबीवर आला.

मॅडमनी रिकाम्या किटलीकडे पाहिले, मग मावशींकडे, आणि पुसले, "आता नळीतली अभिक्रिया थांबली का?"

मावशींस गतसालची तोंडी परीक्षा आठवली. मग वॉर्ड डोळ्यांपुढे आला.

"नाही मॅडम. आमच्या वॉर्डात तीस खाटा. रोज पाच जणी घरी जातात, पाच नव्या येतात. खाटा भरलेल्याच दिसतात, पण ये-जा चालूच असते. तसंच निळ्याचं गुलाबी होतंय आणि गुलाबीचं निळं, सारख्याच वेगानं. यालाच समतोल म्हणतात."

"मग तापवल्यावर निळं का झालं?"

"निळं व्हायला उष्णता लागते. आपण ती दिली, म्हणून अभिक्रिया तिकडे जास्त गेली. उष्णता काढून घेतली, की अभिक्रिया परत फिरली."

मॅडमनी वहीत गुण लिहिले आणि किटली भरोन आणण्याचा हुकूम केला.

मग निकाल लागला, आणि पंचविसांत एकवीस गुण मावशींच्या नावे पडले. वर्तमान फोनवर लेकीस कळविले. लेकीने आकडा दोनदा विचारून घेतला, आणि मग कबुली दिली की, तिला एकोणीस पडले होते. येणेप्रमाणे रसायनशास्त्राचा किल्ला फत्ते जाहला, आणि मावशी त्याच दिवशी दुपारपाळीस वॉर्डात रुजू जाहल्या. मजकूर खरा, खाडाखोड नाही.