पोट्ट्याचं कोपर

"कोपर पाय! कोपर पाय!"

आमच्या बेसमेंटमध्ये सोफ्याच्या टोकाला बसून ढोबळे काका पहिल्यांदा असं ओरडले, तेव्हा मला वाटलं, टीव्हीवर मॅच खेळणाऱ्या पोराला दोन ठिकाणी लागलंय. माझा नवरा निखिलही बुचकळ्यात पडला. "काका, कोपर की पाय? एक काय ते नक्की सांगा," तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. काका अमरावतीकडचे. त्यांच्याकडे 'पाय' म्हणजे 'पाहा'. मी पुण्याची, निखिल दादरचा, आणि मराठीचं मराठीत भाषांतर करून देणारं घरात कुणी नव्हतं. आमची सात वर्षांची इरा तेवढी म्हणाली, "He means look at the elbow, Baba." तिला कसं कळलं देव जाणे.

दिगंबर ढोबळे माझ्या ऑफिसात, शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतात. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी आवई उठली होती, तेव्हा जुनी कोबोल भाषा येणारी माणसं शोधशोधून अमेरिकेत आणली गेली. त्यात काका आमच्या या ईडन प्रेरी गावात आले. जग काही बुडालं नाही आणि काकाही परत गेले नाहीत. तळ्याजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये एकटे राहतात. लग्नाचं विचारलं तर "नाई जमलं बाप्पा" म्हणतात आणि हवामानावर घसरतात. मिनेसोटात हवामानाला तोटा नसतो.

माझा स्वतःचा फुटबॉलला कोपरापासून नमस्कार. इथला फुटबॉल हा पायाने न खेळायचा फुटबॉल आहे, एवढं मला लग्नानंतर कळलं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. तो दोन पावलं मागे सरकतो, अंगावर येणाऱ्या धटिंगणांना चुकवतो आणि तो लांबट बॉल दूर पळत सुटलेल्या आपल्या माणसाच्या हातात पोचवतो. अख्ख्या संघाचं बरंवाईट त्याच्या एका हातावर. निखिलने ज्या संघाला आपलं मानलं होतं, त्या संघाने त्या वर्षी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक पोरगा आणला. त्याचं आडनाव घशात अडकणारं होतं, म्हणून काकांनी त्याचं नाव 'पोट्टा' ठेवून दिलं. दोन मोसमांनी तो दुसऱ्या शहरात गेला. आज त्याचं खरं नाव निखिललाही पटकन आठवत नाही.

बाकीचे क्वार्टरबॅक हात कानावरून आणतात. हा पोट्टा कोपर खाली पाडून, जरा आडवा, वेलीवरचं काहीतरी हिसकून काढावं तसा बॉल फेकायचा. फेकायचा हे मी तुमच्याशी म्हणतेय. काकांसमोर म्हणायची सोय नव्हती. 'थ्रो' हा शब्द त्यांना चालत नसे. समालोचक "व्हॉट अ थ्रो!" म्हणाला की ते रिमोटवर झडप घालून आवाज बंद करत. इरा टाळ्या वाजवत "नाइस थ्रो!" म्हणाली तर लगेच, "पास, बेटा. पास म्हन."

ऑफिसात तर कहर. जावा ही नवी भाषा शिकून आलेली तरणी पोरं आपली सहज म्हणतात, कोडने एरर थ्रो केली, म्हणजे प्रोग्रॅमने चूक दाखवली. काकांचा चेहरा असा होतो की कुणी भर मीटिंगमध्ये शिवी दिली. "द कोड हॅज गिव्हन एरर," ते दुरुस्ती करतात. "गिव्हन. नो थ्रोइंग, प्लीज." सगळ्यांना वाटतं, जुन्या माणसाला जावाचा राग आहे.

आणखीही तऱ्हा होत्या. भर जुलैत पूर्ण बाह्यांचा शर्ट. सोफ्याचं उजवं टोक त्यांचंच, आणि तिथे बसून उजवा हात कुशनखाली. चिवड्याची वाटी अगदी पुढ्यात लागे. जरा लांब ठेवली तर काका मागायचे नाहीत, उपाशी बसायचे. आणि पोट्ट्याने बॉल हातात घेतला की डाव्या हाताने स्वतःचं उजवं कोपर घट्ट धरायचे. बॉल सुटला, पलीकडे पोचला की मग सोडायचे. एकदा आमच्या रखडलेल्या ग्रीनकार्डांचा विषय निघाला होता. मी म्हटलं, "ग्रीनकार्ड म्हणजे आपल्या कोपराला लावलेला गूळ झालाय, काका." एरवी असल्या बोलण्यावर खो खो हसणारे काका म्हणाले, "कोपरावर जोक नाई करायचा." मीही मनात म्हटलं, चला, एक तऱ्हा आणखी.

निखिल आणि काकांचे रविवार पोट्ट्याच्या हातावरच जायचे. निखिल मॅच टेप करून ठेवायचा आणि मग दोघं ती मागेपुढे करत बसायचे.

"मागं घे. अजून मागं. थांब! आता पाय."

"तेच तर म्हणतोय काका. रिलीज पॉइंट किती खाली आहे बघा त्याचा! समोरच्याचा हात लागतोय बॉलला. हाताचं मेकॅनिक्स सुधारायलाच हवं."

"मेकॅनिक गाडीले लागते. पोट्ट्याले काऊन पायजे?"

"यार काका, कोपर खांद्याच्या वर हवं. बेसिक आहे हे."

"कोन म्हनते?"

"सगळे एक्स्पर्ट म्हणतात!"

"त्या एक्स्पर्टचं कोपर दाखव मले."

निखिल टेप पुढे पळवायचा. मग काका मऊ आवाजात म्हणत, "अरे, त्याचा हात तसाच आहे. घरून तसाच घेऊन आला थो. बॉल जाते ना जागेवर? मग?" आणि खरंच, बॉल बऱ्याचदा जागेवर जायचा. जायचा नाही तेव्हा मात्र अख्खं शहर त्या कोपराच्या मागे लागायचं. दुकानात, शाळेच्या फाटकापाशी, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा. माझ्या तोंडात आरसा घालून ती बाई तिच्या असिस्टंटला सांगत होती की त्या मुलाचं कोपर घसरतंय.

नोव्हेंबरात एका रविवारी मॅच सुरू होण्याआधी बातमी आली. पोट्ट्याचा हात बदलण्यासाठी संघाने खास प्रशिक्षक नेमला होता. आता त्याला लहान मुलासारखं पहिल्यापासून फेकायला शिकवणार. निखिलने मूठ आवळून "येस्स!" केलं. चिवड्याची वाटी पुढ्यात होती, तिला काकांनी हात लावला नाही.

"बिघडवतीन पोट्ट्याले," ते म्हणाले. मॅच सुरू झाल्यावर पुन्हा म्हणाले.

"काका, करोडपती आहे तो," निखिल म्हणाला. "जरा हात बदलला तर काय आभाळ कोसळणार आहे? लोक बोलतात म्हणजे काहीतरी असेलच ना."

काका उठले. आधी डावा हात घालून मग उजवा कसाबसा कोंबत त्यांनी जॅकेट चढवलं आणि अर्ध्या मॅचमधून घरी निघून गेले. असं कधी झालं नव्हतं. मी निखिलवर डाफरले. तो म्हणाला, "अगं पण मी काय केलं?" आणि खरं तर त्याने काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इराला शाळेत सोडून मी ऑफिसला निघाले. बर्फ भुरभुरत होता. रविवारी गाडी निखिलने नेली होती, त्यामुळे रेडिओ त्याच्या खेळांच्या स्टेशनवर लागलेला. लोक फोन करकरून पोट्ट्याच्या हातावर बोलत होते. कुणी म्हणे सुधारा, कुणी म्हणे विकून टाका. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये वळले आणि स्टेशन बदलणार, इतक्यात निवेदक म्हणाला, "नेक्स्ट, डिगी फ्रॉम ईडन प्रेरी!"

"हॅलो सर. गुड मॉर्निंग सर. फर्स्ट टाइम कॉलर, सर."

मी ब्रेक दाबला. समोरच्याच रांगेत काकांची जुनी बदामी गाडी उभी होती. इंजिन चालू, मागून धूर. आत काका, कानाला फोन, पाठ ताठ. त्यांनी मला पाहिलं नाही. मी गाडी लावली आणि तशीच बसून राहिले.

असल्या कार्यक्रमांत आवाज काही सेकंद उशिरा सोडतात, कुणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून. त्यामुळे समोर काकांचे ओठ एक बोलत होते आणि माझ्या गाडीत दुसरंच ऐकू येत होतं.

"आर यू अ कोच, डिगी?" निवेदकाने विचारलं.

"नो सर. आय ॲम कोबोल."

ही कुठली पोझिशन ते निवेदकाला कळेना. स्टुडिओत हशा पिकला. समोर मात्र काका तोवर हातवारे थांबवून खाली बघत काहीतरी हळू सांगत होते.

"सो यू नेव्हर प्लेड, डिगी?"

"आय प्लेड, सर. क्रिकेट. बोलर."

आणि मग काकांनी त्या अनोळखी माणसाला, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या सगळ्या शहराला, आम्हाला इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लहानपणी चिंचेवरून पडून त्यांचं उजवं कोपर मोडलं. गावातल्या माणसाने हाड बसवलं, ते वाकडंच बसलं. हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. त्याच हाताने ते गोलंदाजी करायला शिकले आणि जिल्ह्याच्या संघात गेले. पहिल्याच मॅचमध्ये अंपायर ओरडला, थ्रो! नो बॉल. पुन्हा टाकला, पुन्हा नो बॉल. मग कॅप्टनने त्यांच्या हातातून बॉल काढून घेतला.

"वेट," निवेदक म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं. "थ्रोइंग इज… बॅड?"

"व्हेरी बॅड, सर. इन माय गेम इट इज लाइक थीफ."

काका समजावून सांगू लागले. वाकलेला हात बॉल सोडताना सरळ केला तर तो थ्रो. "माय हँड इज नेव्हर स्ट्रेट, सर. नॉट फॉर बॉल, नॉट फॉर शर्ट. इट कॅनॉट ओपन. देन हाऊ आय विल थ्रो?"

"डिड यू टेल द अंपायर?"

"आय वॉज सेव्हन्टीन, सर. माय फुल टीम नोज माय हँड. फ्रॉम स्कूल दे नो. वन बॉय शुड से, सर, हिज हँड इज लाइक दॅट ओन्ली. ऑल वेअर लुकिंग ॲट शूज."

स्टुडिओत आता कुणी हसत नव्हतं.

"सो आय ॲम कॉलिंग. फॉर दिस बॉय समबडी शुड से. दॅट इज ऑल, सर. हॅव अ नाइस डे."

'नाइस डे' माझ्या कानावर पडलं तोवर समोर काकांनी फोन मिटून ठेवला होता. चष्मा काढून ते बाहीने डोळे पुसत होते. मला भडभडून आलं. त्यांच्या शेजारी बसून मी रोज डबा खाते, त्यांच्या लोणच्यातली मिरची हक्काने उचलते, आणि या माणसाचा हात सरळ होत नाही हे मला माहीत नव्हतं. उतरून जावं, की काही पाहिलंच नाही असं दाखवून ऑफिसात शिरावं, काही सुचेना.

काकांनी त्यांच्या गाडीतला रेडिओ लावलेला दिसला. पुढचा फोन एका बाईचा होता. आवाज घोगरा, सकाळची फेरी संपवून बोलत होती. स्कूलबस चालवते म्हणाली. "आय डोन्ट नो नथिंग अबाउट क्रिकेट, हनी. बट आय ॲम विथ डिगी. लीव्ह दॅट किड्स एल्बो अलोन!"

हे आम्ही दोघांनी एकाच वेळी ऐकलं. काकांनी मान वर केली आणि रेडिओकडे पाहत राहिले, ती बाई तिथे आत बसली असावी तसे.

मी उतरले आणि त्यांच्या काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आत टायरची जाहिरात लागली होती.

"ऐकलं काय, मीनल?"

"ऐकलं, काका."

"कोन होती वं थे बाई?"

"माहीत नाही."

"मले ओयखत पन नाई," काका म्हणाले. मग जरा थांबून, "म्हने, मी डिगीच्या बाजूनं."

त्यांनी उजवा हात खिडकीतून बाहेर काढला. तो जेवढा येऊ शकत होता तेवढाच आला. मी हातमोजा काढला, पुढे झाले आणि तो हातात घेतला. बोटं बर्फासारखी गार होती.

"चाल," काका म्हणाले. "मीटिंग आहे. तो जावावाला पोट्टा वाट पाहून रायला असन. आज पन म्हनन, कोडनं एरर थ्रो केली."

"मी सांगते त्याला, काका. पुन्हा नाही म्हणणार."

काकांनी गाडी बंद केली, चष्मा चढवला आणि दार उघडून बाहेर बर्फात पाय ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "म्हनू दे त्याले."