भाऊजींच्या कुंपणातल्या दोन फळ्या

जरा जवळ सरका बरं. इतक्या लांब बसून कुणी गोष्ट ऐकतं का? तुमची खोडच आहे ती. अर्ध्या कानानं ऐकायचं अन् शेवटाला विचारायचं, "पण हे रंगनाथ भाऊजी कोण?" म्हणून आधीच सांगते. रंगनाथ भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. हर्सूलला एकाच प्लॉटवर आमची शेजारी-शेजारी दोन घरं. एकात आम्ही नवरा-बायको, दुसऱ्यात ते एकटे. लग्न केलं नाही. का, ते विचारलं तर म्हणतात, "मापाचं मिळालं नाय, वहिनी."

एकदा त्यांना ताप आला म्हणून मी त्यांच्याकडं खिचडी टाकायला गेले. मिसळणाचा डबा उघडते तर काय, मोहरीच्या वाटीत बारीक चुका, जिऱ्याच्या वाटीत इंची खिळे, हळदीच्या वाटीत पितळी टोपीचे. मी ओरडले, "भाऊजी, फोडणी कशाची देऊ?" पांघरुणातून आवाज आला, "मोहरी स्क्रूच्या डब्यात हाय!"

वाळूजच्या एका कंपनीत ते उभा जन्म लाकडी पेट्या ठोकत होते. रिटायर झाले, पण खिळा काही सुटला नाही. नवा खिळा हातात आला की आधी शहाबादी फरशीवर टाकायचे अन् डोळे मिटून आवाज ऐकायचे. कुणाच्या लग्नाला गेले तरी नवरदेवाकडं नाही, मांडवाच्या खांबाकडं बघणार. "माणूस एक वेळ वळखू येत नाय, पण खिळा वळखावाच लागतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अन् भांडण झालं तेही खिळ्यावरूनच.

झालं असं, की आमच्या ह्यांनी बैठकीत सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, मोठा फोटो लावला. मारायचा जाडजूड मोळा, तर ह्यांनी मारली नखाएवढी चूक. सत्यनारायणाला घर पाव्हण्यांनी भरलेलं, आरती चाललेली, अन् धाडकन फोटो खाली! काचेचा चुरा. तिथं गप बसावं का नाही? पण भाऊजींना कुठलं राहवतं! सगळ्यांदेखत म्हणाले, "आप्पांना जन्मात कुणी पाडू शकलं नाय, दादा. तू पाडलंस."

पाव्हणे हसले. हे लालेलाल झाले. "रंग्या, परत माझ्या दारात पाय ठेवू नको!"

"पाय कशाला ठेवतो? मधी कुंपणच घालतो!"

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण दुसऱ्याच आठवड्यात कंपनीतल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या टेम्पोतून येऊन पडल्या. मग सुरू झाली खिळ्यांची निवड. लोक सून एवढी पारखून आणत नाहीत. मला भाजी घ्यायला शहागंजात जायचंच होतं, म्हणून खिळ्यांच्या दुकानात मी सोबत गेले होते. भाऊजी एकेक खिळा उजेडात धरायचे, नखानं खरवडायचे. शेवटी दुकानदार म्हणाला, "चचा, खिले लेरे की दामाद पसंद कररे?"

"जावई बिघडला तर घरी बसतो, मियाँ. खिळा बिघडला तर कुंपण बसतं."

येताना रिक्षात मला सगळं समजावलं. उघड्यावरच्या लाकडाला जस्त चढवलेलाच खिळा पाहिजे, नाहीतर पावसात गंजून फळीवर काळे ओघळ येतात. लांबी फळीच्या जाडीच्या तिप्पट. अन् अंगाला आटे पाडलेला घ्यायचा, म्हणजे ऊन-पावसानं लाकूड फुगलं, आकसलं, तरी तो जागा सोडत नाही. साधा गुळगुळीत खिळा हळूहळू बाहेर येतो. मी मान हलवत होते, अन् मनात म्हणत होते, दोघा भावांत एकाला तरी आटे कमी असते तर बरं झालं असतं.

खिळे ठोकायला कंपनीतल्या जुन्या दोस्ताकडून बंदूक आणली. बॅटरीची पण बघितली होती त्यांनी, पण ती हाताला जड. म्हणून हवेची. तिला मागं पाइपाची लांब शेपूट अन् शेपटाला गुरगुरणारा कंप्रेसर. हवा जास्त झाली की खिळा मऊ फळीत टोपीसकट बुडतो, म्हणून आधी एका तुकड्यावर मारून बघायचे. मग फट्! फट्! फट्! गल्लीतली कुत्री पळाली. इकडं प्रत्येक 'फट्'ला ह्यांच्या हातातला पेपर हलायचा, पण मान वर नाही.

आमच्या मागच्या दारासमोर कुंपण आलं, अन् बंदूक थांबली. बघते तर भाऊजी हातोडी घेऊन उकिडवे बसलेले. खिळ्याचं टोक दगडावर ठेवून ठेचत होते. टोक बोथट केलं की फळी चिरत नाही म्हणे. पण खिळा साधा, गुळगुळीत.

"भाऊजी, इथं आट्याचा नाही?"

"नको. ह्या दोन फळ्यांना साधाच."

"अहो, तो तर सैल होतो म्हणालात!"

त्यांनी वर बघितलं नाही. "समदंच पक्कं ठोकायचं नसतं, वहिनी."

ती त्यांची भांडणाआधीची रोजची वाट. संध्याकाळी चहाची वेळ झाली की त्या दारातूनच यायचे, अन् दोघं भाऊ साखरेवरून वाद घालत बसायचे.

उन्हाळा तापला. त्या दोन फळ्या सुटत चालल्या. भाऊजी कुंपणापलीकडच्या आपल्या मेथीला पाणी घालायच्या निमित्तानं रोज सकाळी यायचे, फळीला बोट लावून बघायचे. आमच्या बाजूनं कुणी ढकलतंय का, एवढंच ते बघत होते.

अन् एका दुपारी माझा डोळा लागला होता, तर ठक् ठक् ठक्! मागं पळाले. आमचे हे घाम पुसत उभे, हातात हातोडी, तोंडावर लढाई जिंकल्याचा आनंद.

"एवढा मोठा कारागीर! फळ्या लोंबत होत्या दोन्ही. केल्या पक्क्या!"

मी कपाळावर हात मारला. "अहो, पण कुणी सांगितलं होतं?"

"मग? कुत्रं शिरलं असतं त्याच्या मेथीत. बावळट कुठला, बघत पण नाय."

दुसऱ्या दिवशी भाऊजी कुंपणाशी आले, मी मागच्या दारातून बघत होते. बोट लावलं. फळी हलली नाही. जोरानं दाबलं. नाहीच. पाण्याची बादली तशीच खाली ठेवली.

"दादानं पक्कं केलं," एवढंच म्हणाले. "बरं. कळलं मला, वहिनी." अन् वळले. पाठ एवढीशी दिसली हो त्या माणसाची.

"अहो भाऊजी, थांबा! तुमच्या मेथीत कुत्रं शिरंल म्हणून ठोकलंय त्यांनी!"

ते थांबले. परत आले. चष्मा लावला, फळीवरून नाक घासत एकेक खिळा बघितला. सगळे वाकडे. अन् एकदम असा आवाज चढवला, की मी दचकले.

"दादाऽ! हे घरातले खिळे बाहेर कुणी मारायला सांगितले तुला? एका पावसाळ्यात गंजतील!"

आत पेपर खाली पडला. हे तरातरा बाहेर. "रंग्या, स्वतःची फळी नीट ठोकता येत नाय, अन् मला शिकवतो?"

"वाकडा मारलास!"

"फळीच वाकडी आहे तुझी!"

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. तीन कपांचं. बाहेर आले तर एक इकडून ढकलतोय, दुसरा तिकडून जंबुऱ्यानं खिळे उपसतोय, अन् भांडण चालूच. दोन्ही फळ्या निघाल्या. भाऊजी त्या फटीतून आडवे होऊन आत आले, अन् चहाकडं न बघता सरळ बैठकीत गेले. नव्या काचेचा आप्पांचा फोटो कपाटाला टेकून ठेवला होता. भाऊजींनी शर्टाच्या खिशातून एक मोळा काढला. सत्यनारायणाच्या दिवसापासून तो खिशात होता. खिशाला त्याच्या टोकाचं भोक पडलेलं.

"धर, दादा. तूच मार. मी फक्त सरळ धरतो."

फोटो अजून जागेवर आहे. त्या दोन फळ्या मात्र पुन्हा लावल्या नाहीत, त्यावर मी भोपळ्याच्या बिया वाळत घालते. तेव्हा आमच्याकडं चहाला यायला तुम्ही पण फार दिवस लावू नका, या लवकर. पुढच्या दाराची कडी वाजवत बसू नका, मागच्या फटीतूनच या. फक्त चहात साखर किती, ते त्या दोघांना विचारू नका.