मूळपुरुषाचा दात

"आई, पडला!" खारू ओरडली, तेव्हा तिची आई भिंगात डोळा घालून बसली होती.

"दोन मिनिटं हं, बाळा," आई म्हणाली आणि तिने चिमट्याने आणखी एक दात उचलला.

खारू हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. पेन्सिली, मेणखडू, छत्रीची मूठ, जे हाती लागेल ते खारीसारखं कुरतडते म्हणून बाबांनी ठेवलेलं. तिचा पहिला दात हलायला लागला तेव्हापासून आईने बजावून ठेवलं होतं, "पडला की सगळ्यात आधी मला दाखवायचा." कारण खारूचं पहिलं पाऊल शेजारच्या काकूंनी पाहिलं होतं. पहिला शब्द बाबांनी ऐकला होता, आणि तो 'बाबा' असल्याने ते अजून शेखी मिरवत होते. निदान दात तरी आपल्या वाट्याचा, असं आईने मनाशी धरलं होतं.

आई संग्रहालयात कामाला होती. कार्प म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशांचं एक अवाढव्य गोत. त्यातल्या, माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी मेलेल्या मंडळींची भाऊबंदकी लावणं हे तिचं काम. या माशांच्या तोंडात दात नसतात, ते असतात घशात. हाडं मातीला मिळतात, घशातले दात तेवढे दगड होऊन मागे उरतात. शितावरून भाताची परीक्षा, तशी दातावरून माशाची: कोण चुलत, कोण मावस, कोण उगाच नातं सांगतोय. आटलेल्या तळ्याची माती चाळून निघालेले दात ती खणाखणांच्या पेटीतून घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर तांदूळ निवडावेत तसे निवडायची.

दोन मिनिटं झाली. त्यानंतरही बरीच झाली. खारू शहाणी मुलगी. तिने विचार केला, आई टक लावून बघते कशाकडे? पेटीतल्या दातांकडे. मग आपलाही पेटीतच गेला तर काम फत्ते! आई पाणी प्यायला उठली, तशी तिने एका रिकाम्या खणात आपला दात ठेवला आणि समाधानाने झोपायला गेली. सकाळी ती उठायच्या आत आई पेटी घेऊन कामावर गेलीसुद्धा. खारू काय ओरडली होती, हे तिच्या डोक्यातून पार गेलं होतं.

संग्रहालयात मोठ्या सरांनी पेटी भिंगाखाली घेतली आणि त्यांची दातखीळच बसली.

सर आता निवृत्तीला आले होते. कार्पच्या गोताच्या मूळपुरुषाला तोंडात दात होते आणि कधीतरी तो सापडणारच, असं ते उमेदीच्या वयापासून सांगत आले होते. परिषदांमध्ये लोक त्यावर दात काढत. मूळपुरुषासाठी सरांनी कपाटातला एक खण मऊ कापूस घालून रिकामा राखला होता.

"बाई, धावा! हा घशातला नाही. हा तोंडातला आहे!"

भिंगाखाली मुंगीचाही हत्ती होतो. दाताचं खरं माप बघायचं भान सरांना कुठलं? त्यांनी बारीक कुंचल्याने दातावर क्रमांक घातला, तो सुकायच्या आत शेजारच्या खोलीतल्या बेडूकवाल्यांना आणि खेकडेवाल्या मॅडमना बोलावून आणलं आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"पुढचा दात. फावड्यासारखा. तुटलेला नाही, आपणहून गळलेला. म्हणजे प्राणी लहान वयाचा."

"वा!" बेडूकवाले म्हणाले.

"कडेची झीज बघा. सतत काहीतरी कुरतडायची खोड असणार याला."

आई भिंगाकडे सरकली.

"आणि हा जांभळा डाग. खनिजाचा असेल, नाही?"

"मँगनीज," बेडूकवाले ठामपणे म्हणाले.

आईने भिंगात पाहिलं. मग भिंगाशिवाय पाहिलं.

"मेणखडू आहे, सर," ती हळूच म्हणाली. "माझ्या मुलीचा दात आहे तो."

खेकडेवाल्या मॅडमना एकाएकी गॅसवरचा चहा आठवला. बेडूकवाल्यांना खोकल्याची उबळ आली, ती थेट जिन्यापर्यंत ऐकू येत राहिली. डाग सोडला तर सरांचं निदान तसं एका शब्दानेही चुकलं नव्हतं. फक्त मासा चुकला होता.

सरांनी चष्मा काढून पुसला. "दात पडला म्हणून मुलगी बोलली नाही?"

"बोलली होती. मी दोन मिनिटं थांब म्हटलं."

"मासे बरे," सर म्हणाले. "त्यांचे जन्मभर पडतात आणि जन्मभर येतात. एक बघायचा राहिला तर दुसरा आहेच."

"तुमच्या मुलाचे, सर?"

"पडले असतील." सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पडले असणारच. मोठा झालाय ना तो."

"मी हा घरी नेऊ?"

"क्रमांक पडलाय, बाई."

क्रमांक पडलेली वस्तू उंबरा ओलांडत नाही, हा तिथला नियम. घातला होता सरांनीच, आणि त्यापायी भल्याभल्यांशी भांडलेही होते.

"पुसता येईल की."

"आजवर मी कुणाला पुसू दिलेला नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला की आईने पुढे हट्ट धरला नाही. सरांनी दात उचलला आणि मूळपुरुषाच्या खणात, कापसावर ठेवला. "मुलीला घेऊन या कधीतरी. बघू दे तिला."

आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. खारू जेवणाच्या टेबलाशी, आईच्याच खुर्चीत बसली होती. समोर अंड्यांचा रिकामा ट्रे. त्याच्या खणांत ती शर्टाची बटणं लावत होती, एक डोळा मिटून.

"खारू, तोंड उघड बघू. तुझी खिंड बघायचीय मला."

"माझा दात पाहिलास?"

"पाहिला. सगळ्यांनी पाहिला. सरांनी तर डोळ्यांत पाणी आणून पाहिला."

"हं," खारू मान वर न करता म्हणाली. "हे चार भोकांवालं आणि हे दोन भोकांवालं. हे चुलत की सख्खे?"

"ते नंतर. आधी दात..."

"दोन मिनिटं हं, आई."

ही दोन मिनिटं किती लांबतात, हे त्या घरात आईइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तिने खांद्यावरची पिशवी उतरवली, खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसली आणि वाट बघू लागली.