सासूबाई आणि वसुलीचा पोपट

एका जंगलात, बाळांनो, पगार पौर्णिमेला होई आणि घरातले कंद त्याच्या आठवडाभर आधीच संपत. हसू नका. घरी आईला विचारा.

त्या जंगलात शेवंता नावाची सायाळ सिंहाची गुहा झाडायची. नवऱ्याचा पाय सापळ्यात मोडला, तो घरी बसला. पिल्लं भुकेली. कोल्हा लगेच दारात.

"दहा कंद घ्या वहिनी. पौर्णिमेला पंधरा द्या. तारण नको. फक्त नातेवाइकांची नावं सांगा."

एवढंच? शेवंतानं माहेर-सासरची सगळी नावं मोठ्या ऐटीत सांगितली. चार वर्षं अबोला धरलेल्या सासूचंसुद्धा. कोल्ह्याच्या पोपटानं ती पाठ केली.

पौर्णिमा आली. सिंहमहाराज दौऱ्यावर. पगार लांबला आणि पंधराचे पंचवीस झाले.

शेवंता कर्जमुक्तीचा सल्ला देणाऱ्या तरसाकडे गेली. तो म्हणाला, "खर्च कमी करा," आणि सल्ल्याचे तीन कंद मागितले.

"आता पोपट सासूबाईंना सांगेल," कोल्हा म्हणाला.

"बीळ घ्या भावजी, पण त्यांना कळवू नका."

कोल्ह्याला बीळच हवं होतं. पण पोपट कामाला चोख, तो केव्हाच उडाला होता.

डोंगरापलीकडे तो म्हातारीच्या दारात ओरडला, "तुमची सून कर्जबुडवी आहे."

"मला सांगतोस? बस इथं. लग्नात तिच्या आईनं काय केलं, ऐक."

पोपट उठू लागला की म्हातारी काटे फुलवी. "निघालास कुठं? बारशाचं राहिलंय अजून."

संध्याकाळी पोपट कळवळून म्हणाला, "आजी, सोडा. तुमच्या मुलाचा पाय मोडलाय, म्हणून तिनं कर्ज काढलं."

बारशाची कथा अर्धवट टाकून म्हातारी उठली. मग कंद बांधून पोपटासह तडक सुनेकडे निघाली.

"दहा दिले होतेस, हे दहा," बीळ घ्यायला दारात आलेल्या कोल्ह्याला तिनं सुनावलं. "वरच्याचं बोलायचंय? मग बस. लग्नापासून सुरू करते."

कोल्ह्यानं पोपटाचा चेहरा पाहिला आणि दहा घेऊन पळाला.

"उपकार झाले, सासूबाई," शेवंता पुटपुटली.

"उपकार कसले? माझ्या सुनेला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तो कोण लागून गेला?"

म्हातारी दोन दिवसांसाठी आली होती. अजून आहे.

तात्पर्य: सगळ्यांशीच गोड राहू नये. गोड बोलणारे कर्ज देतात आणि सल्ला देतात. फेडायला भांडलेलं माणूसच लागतं, तेव्हा घरात एक तरी भांडण नीट जपून ठेवावं.